बूटलोडर अनलॉक आणि रूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"दादा, फोन लोगोवर अटकलाय." हा मेसेज मला सहसा रात्री अकरानंतर येतो. सोबत अंधारात काढलेला स्क्रीनचा फोटो असतो, आणि फोन कुठल्या मॉडेलचा आहे हे कधीच लिहिलेलं नसतं. समोरच्याने एखादा व्हिडिओ बघून रूट मारायला घेतलेलं असतं आणि व्हिडिओवाल्याचा फोन वेगळा असतो. हेच प्रश्न आधी विचारले तर पुढचा मेसेज टळतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

कॉम्प्युटरवर द्यायच्या आज्ञा इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत द्यायच्या.

बूटलोडर अनलॉक, रूट आणि कस्टम रॉम हे तिन्ही एकच ना?

नाही. बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

बूटलोडर म्हणजे फोन चालू करताना अँड्रॉइडच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. तो लॉक असेल तर कंपनीची सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देतो. अनलॉक करणं म्हणजे त्याला "सही नसली तरी सोड आत" असं सांगणं. तेवढंच केलंत तर फोनमधलं अँड्रॉइड कंपनीचंच राहतं.

रूट ही पुढची पायरी. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कुठेच मज्जाव नसतो. एरवी अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता मानून १०,००० च्या पुढचा क्रमांक देतं, त्यामुळे व्हॉट्सॲपची फाइल टॉर्चच्या ॲपला वाचता येत नाही. रूट केलेल्या फोनमध्ये तुम्ही निवडलेल्या ॲपला तो शून्य क्रमांक उसना देता येतो.

कस्टम रॉम म्हणजे अख्खं अँड्रॉइडच बदलणं. लिनिएजओएस हा कस्टम रॉम टाकला म्हणून फोन रूट होत नाही, आणि रूट करण्यासाठी रॉम बदलावा लागत नाही. अनलॉक मात्र दोन्हींच्या आधी लागतं.

मला फक्त पॅटर्न लॉक काढायचंय. किंवा अमेरिकेहून आलेल्या फोनमध्ये सिम चालत नाहीये.

मग हे पान तुमच्यासाठी नाही. सिम लॉक ही त्या देशातल्या नेटवर्क कंपनीची अट असते आणि ती तिथलीच कंपनी काढते. पॅटर्न किंवा जुन्या गुगल खात्याचं लॉक काढायला बूटलोडरचा उपयोग नाही. फोन तुमचाच असेल तर बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा. "एका मित्राचा फोन आहे, खातं आठवत नाही" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

बूटलोडर नेमकं तपासतो तरी काय?

साखळी बघा. प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक तुकडा असतो, बूट रॉम. तो नंतर कोणालाही बदलता येत नाही, कंपनीलाही नाही. बटण दाबलं की आधी तो चालतो आणि पुढच्या बूटलोडरची डिजिटल सही तपासतो. ती ज्या किल्लीने तपासायची तिचा ठसा प्रोसेसरमधल्या फ्यूजमध्ये कायमचा जाळून ठेवलेला असतो. पहिला बूटलोडर दुसऱ्याला तपासतो आणि शेवटचा कर्नलला, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याला. पुढे कर्नल सिस्टिम पार्टिशन, म्हणजे स्टोरेजमधला अँड्रॉइडचा कप्पा, वाचताना ४ केबीच्या प्रत्येक तुकड्याचा हिशोब जुळवतो. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी तो तुकडा नाकारला जातो.

ही तपासणी अँड्रॉइड ४.४ पासून हळूहळू आली आणि २०१६ च्या ७.० मध्ये सक्तीची झाली. २०१७ च्या ८.० सोबत तिची आजची दुसरी आवृत्ती आली. सगळ्या पार्टिशनच्या ठशांची सही केलेली यादी व्हीबीमेटा नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये असते. तपासणीचा निकाल रंगात सांगतात. हिरवा म्हणजे कंपनीची किल्ली, सगळं जागच्या जागी. पिवळा म्हणजे लॉक आहे, पण किल्ली मालकाने स्वतः बसवलेली. नारिंगी म्हणजे अनलॉक, तपासणीची हमी नाही. लाल म्हणजे बिघाड, फोन चालूच होणार नाही. अनलॉक केल्यावर प्रत्येक वेळी फोन सुरू होताना जी इशाऱ्याची पाटी येते ती नारिंगीची. ती घालवता येते का असं खूप जण विचारतात. ती असू द्या, तिचं काम ती करतेय.

अनलॉक करताना सगळा डेटा का उडवतात? उगाच त्रास द्यायला?

मलाही आधी तसंच वाटायचं. पण समजा लोकलच्या गर्दीत तुमचा फोन मारला. अनलॉक करताना डेटा पुसला जात नसता, तर चोराने घरी जाऊन बूटलोडर उघडला असता, स्वतःचं फेरफार केलेलं बूट इमेज (कर्नल सुरू करणारी फाइल) टाकलं असतं आणि पिन ओळखत निवांत बसला असता. म्हणून दोन अडसर ठेवले आहेत. ओईएम अनलॉकिंगचा, म्हणजे बूटलोडर उघडू द्यायचा, स्विच सेटिंगच्या आत आहे, म्हणजे तिथवर जायला तुमचा पिन लागतो. आणि अनलॉक झालं की डेटा उघडणाऱ्या किल्ल्याच नष्ट होतात. त्या किल्ल्या बूटलोडरच्या स्थितीशी बांधलेल्या असतात, त्यामुळे पुन्हा लॉक करतानाही डेटा पुसला जातो.

पुसला जातो म्हणजे सगळाच जातो. फोटो, डाउनलोड, कॉल रेकॉर्डिंग, आणि त्याच स्टोरेजमध्ये पडलेला व्हॉट्सॲपचा लोकल बॅकअपसुद्धा. वेगळं मेमरी कार्ड असेल तर ते वाचतं.

माझ्या मेव्हण्याचा फोन मी अनलॉक करायला घेतला तेव्हा विचारलं होतं, "बॅकअप घेतलास ना?" तो म्हणाला, "हो." त्याच्या लेखी बॅकअप म्हणजे व्हॉट्सॲपचा. शेताच्या मोजणीच्या नकाशाचे आणि हद्दीच्या दगडांचे फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये होते. चूक माझी होती. मी फोल्डर उघडून बघायला हवं होतं. आता मी गॅलरी उघडून, समोर बसवून, "हे कुठे कॉपी झालंय ते दाखव" म्हणतो.

पूर्वी एका क्लिकमध्ये रूट व्हायचा. आता का नाही होत?

कारण तेव्हा दार उघडं राहिलेलं असायचं. ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जी१ नावाच्या त्या फोनला सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड होता. महिन्याभरात लोकांच्या लक्षात आलं की त्यावर जे काही टाइप करावं ते मागे चालू राहिलेल्या एका रूट शेललाही, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामलाही, जातंय. चॅटमध्ये एंटर दाबून "रीबूट" हा शब्द लिहिला आणि परत एंटर दाबलं की फोन खरोखरच बंद होऊन चालू व्हायचा. तीच फट धरून लोकांनी तो रूट केला.

पुढची काही वर्षं हाच खेळ चालला. जून २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झने टॉवेलरूट काढलं. लिनक्स कर्नलमधल्या एका चुकीवर चालणारं ते ॲप, एक बटण दाबलं की काम फत्ते. २०१६ मध्ये डर्टी काऊ नावाची आणखी एक मोठी चूक सापडली. पण अशी फट सापडली की ती मालकाला सापडते तशी व्हायरसवाल्यालाही सापडते, त्यामुळे ती बुजवली जाते, आणि ते योग्यच आहे. आजचा सरळ रस्ता म्हणजे कंपनीने दिलेल्या पद्धतीने बूटलोडर उघडणं.

तेव्हा "कॉम्प्युटरशिवाय एका क्लिकमध्ये रूट" असं लिहिलेलं एपीके (ॲपची फाइल) कुठे दिसलं तर हात लावू नका. ज्या ॲपला तुमच्या नकळत रूट मिळवता येतं त्याला तुमच्या नकळत बाकीचंही सगळं करता येतं.

मराठी लोक रूटच्या मागे का लागायचे? गेमसाठी?

काही जण गेमसाठी. माझ्यासारखे मात्र चौकोनांमुळे लागले. २०१०-११ च्या सुमारास, अँड्रॉइड २.२ आणि २.३ च्या दिवसांत, कितीतरी फोनवर मराठी पान उघडलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. ओपेरा मिनीत एक पळवाट होती. ॲड्रेसच्या जागी कॉन्फिगचं पान उघडायचं, तळाशी जायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा. मग त्यांच्या सर्व्हरवरून अक्षरांची चित्रंच यायची. बातमी वाचता यायची, पण एसएमएसमध्ये चौकोन तसेच.

अख्ख्या फोनला मराठी शिकवायची तर रूट करून सिस्टिममधल्या फॉन्टच्या फोल्डरात जायचं आणि ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक नावाच्या फाइलच्या जागी देवनागरी असलेली फाइल ठेवायची. ठेवल्यावर चौकोन जायचे. पण अक्षरं जुळवणारं यंत्र आत नसल्यामुळे ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडायची. "दिवस" लिहिलं की वेलांटी द च्या डावीकडे न येता उजवीकडे पडायची आणि डोळ्यांना "दविस" दिसायचं. जोडाक्षरं पाय मोडून उभी. तरी आम्ही खूश होतो, आणि आठवड्याभरात "दविस" वाचायची सवयही झाली.

पहिल्या खेपेला मी त्या फाइलची परवानगी ०६४४ करायला विसरलो. सिस्टिमला फॉन्टच वाचता येईना. फोन लोगोवर गोल गोल फिरत बसला आणि मी रात्रभर त्याच्यासमोर. २०१२ मध्ये अँड्रॉइडची जेली बीन ही आवृत्ती आल्यावर हे दुखणं हळूहळू गेलं. आज निव्वळ मराठीसाठी कोणी रूट करत असेल तर त्याला थांबवा.

मग आज रूट करून मिळतं काय?

आधी सांगा, तुम्हाला हवं काय आहे. दहापैकी सात जणांना जे हवं असतं ते रूटशिवाय होतं, असा माझा अनुभव आहे.

जाहिराती नकोत? अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकलं की ॲपमधल्या बऱ्याच जाहिराती बंद होतात. यूट्यूबच्या होत नाहीत, आणि नुसतं रूट करूनही त्या आपोआप होत नाहीत. कंपनीने कोंबलेली ॲप काढायचीत? यूएसबी डिबगिंग चालू करून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) ती तुमच्या खात्यापुरती काढता येतात. चुकून कामाचं काढलं तर परत घालताही येतं. फोनला अपडेट यायचे बंद झालेत? तुम्हाला कस्टम रॉम हवाय, रूट नकोय.

रूट खरोखर लागतो तो ॲपचा आतला डेटा जसाच्या तसा उचलून ठेवायला, ॲपवार फायरवॉल घालायला, किंवा जुन्या फोनचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायला. आणि शिकायला. हे शेवटचं कारण लोक लाजत सांगतात. लाजू नका, सगळ्यात चांगलं कारण तेच आहे.

कोणत्या कंपनीचे फोन अनलॉक होतात?

पिक्सेल सगळ्यात सोपा: सेटिंगमधला स्विच आणि एक आज्ञा. पण न्यू जर्सीच्या बहिणीने आणलेला पिक्सेल व्हेरायझन या तिथल्या नेटवर्क कंपनीचा निघाला तर तो स्विच करडा राहतो आणि त्यावर इलाज नाही. घ्यायच्या आधीच विचारा. वनप्लस आणि नथिंगचंही आतापर्यंत सरळ राहिलंय. मोटोरोला ठरावीक मॉडेलसाठी आपल्या साइटवरून कोड देते. रियलमीच्या काही मॉडेलसाठी कंपनीचं वेगळं ॲप निघतं, काहींसाठी निघतच नाही. विवो घेतला असेल तर विषय सोडा.

दारं बंदच होत चालली आहेत. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं थांबवलं. असुसने २०२३ मध्ये आपलं अनलॉकचं साधन काढून घेतलं. सॅमसंगच्या फोनमध्ये २०२५ साली वन यूआय ८ सोबत ओईएम अनलॉकचा पर्यायच नाहीसा झाला. आपल्याकडे २०१४ साली परिस्थिती उलटी होती. सायनोजेन हे कस्टम रॉमच्या दुनियेतलं नाव फोनच्या खोक्यावर छापून विकलं जात होतं. मायक्रोमॅक्सचा यू युरेका आणि वनप्लस वन या दोघांत त्या नावाच्या भारतातल्या हक्कावरून दिल्ली उच्च न्यायालयात भांडण झालं. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनने रॉमचं काम बंद केलं आणि त्याच कामातून लिनिएजओएस उभं राहिलं.

शाओमीच्या अनलॉकचं रात्री साडेनऊचं काय प्रकरण आहे?

हायपरओएस ही नवी सिस्टिम आल्यावर शाओमीने अनलॉकसाठी कम्युनिटी ॲपमधून परवानगी घ्यायची अट घातली. खातं किमान ३० दिवस जुनं हवं. रोजचा परवानग्यांचा कोटा ठरलेला, आणि तो उघडतो बीजिंगच्या मध्यरात्री. बीजिंग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. कोटा काही क्षणांत संपतो. घड्याळ सेकंदासकट समोर ठेवून, नऊ एकोणतीसला ॲप उघडून, अंगठा बटणावर धरून बसणारे लोक मी पाहिलेत. तत्काळ तिकीट काढताना जो चेहरा होतो तोच.

परवानगी मिळाली की फोनमधलं खातं डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन बांधायचं. त्या वेळी वायफाय बंद आणि सिमचा डेटा चालू हवा, नाहीतर नुसतीच एरर येते. मग सहसा ७२ तास थांबायचं. या काळात खात्यातून बाहेर पडू नका. २०२५ पासून एका खात्यावर वर्षाला एकच फोन उघडता येतो, म्हणून आधी भावाचा, मग माझा, असा बेत करू नका.

प्रत्यक्ष कसं करायचं?

पिक्सेल धरून सांगतो. बाकीच्या फोनमध्ये तपशील बदलतो, क्रम तोच.

बॅटरी निदान साठ टक्के हवी. केबल फोनसोबत आलेली घ्या. स्टॉलवरच्या बऱ्याच केबली फक्त चार्ज करतात, डेटा नेत नाहीत. काही लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट (बूटलोडरला आज्ञा द्यायचं साधन) अडखळतो, तेव्हा जुना काळा पोर्ट वापरा किंवा मध्ये साधा हब लावा. "डिव्हाइस दिसत नाही" या तक्रारीत बऱ्याच वेळा केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हर यांतलंच काहीतरी निघतं.

अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन उघडतात. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू करा. फोन बंद करून व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकत्र धरलं की बूटलोडरची स्क्रीन येते. कॉम्प्युटरवरून "फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक" द्या. फोनवर प्रश्न येईल, व्हॉल्यूमच्या बटणाने होकार निवडा आणि पॉवर दाबा. या क्षणी डेटा जातो. "एकदा विचार करतो" म्हणायची शेवटची जागा हीच.

आता रूट. फोनमध्ये जी आवृत्ती आहे अगदी तिचंच फॅक्टरी इमेज (मूळ सॉफ्टवेअरची फाइल) गुगलच्या साइटवरून उतरवा. "जवळपास तीच" आवृत्ती चालत नाही. त्यातलं बूट इमेज फोनमध्ये टाका, मॅजिस्क या रूट देणाऱ्या ॲपकडून त्यावर ठिगळ लावून घ्या, ती नवी फाइल कॉम्प्युटरवर आणा आणि फास्टबूटने फ्लॅश करा, म्हणजे फोनमध्ये लिहा. इथे एक गोम आहे. जे फोन मुळातच अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या आवृत्तीसह बाजारात आले त्यांत बूट नव्हे, इनिट बूट नावाचं इमेज घ्यायचं असतं. पिक्सेल ७ मध्ये इनिट बूट, पिक्सेल ६ अपडेट होऊन १३ वर गेला तरी त्यात बूटच. अर्ध्याअधिक लोकांचं रूट इथे फसतं आणि ते मॅजिस्कला शिव्या देतात.

मॅजिस्क घ्यावं की कर्नलएसयू?

पहिल्यांदा करत असाल तर मॅजिस्क. जॉन वू याने २०१६ मध्ये ते काढलं. सिस्टिम पार्टिशनला हात न लावता वरून पडदा टाकल्यासारखे बदल दाखवायचे ही त्यामागची युक्ती, नावही "मॅजिक मास्क" वरूनच. कर्नलएसयू हे रूटचं दुसरं साधन थेट कर्नलमध्ये बसतं, ते दुसऱ्या फोनसाठी ठेवा. मॅजिस्कची वेगळी अधिकृत वेबसाइट नाही. ते गिटहबवरच्या त्याच्या पानावरून घ्यायचं. शोधल्यावर वर येणाऱ्या चकचकीत साइट त्याच्या नाहीत.

रूट केल्यावर बँकेचं ॲप आणि यूपीआय चालतं का?

आज चालेल, पुढच्या महिन्यात चालेलच असं नाही. रूट करू नका असं मी लोकांना सांगतो त्याचं मुख्य कारण हेच आहे.

रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ ला डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल जे निर्देश काढले, त्यात फोन रूट केलेला आहे का हे तपासून ॲप चालूच न देण्याची शक्यता बँकांनी पडताळून पाहावी असं म्हटलंय. पडताळून पाहावी, एवढंच. त्यामुळे प्रत्येक बँकेचा अर्थ वेगळा. एकीचं ॲप निमूट चालतं. दुसरीचं "डिव्हाइस रूटेड" म्हणतं. तिसरीचं काही न बोलता बंद होतं. काही ॲप तर नुसते डेव्हलपर ऑप्शन चालू दिसले तरी रुसतात. रूट न करताच कोणाचं बँकेचं ॲप बंद पडलं असेल तर आधी तो स्विच बघा.

बँक ही तपासणी बहुतेक वेळा गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेकडून करून घेते. तिचे बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग असे तीन निकाल असतात. फोनमधल्या चिपच्या सुरक्षित कप्प्यातून सही केलेलं प्रमाणपत्र येतं आणि त्यात बूटलोडर उघडा आहे हे लिहिलेलं असतं. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर डिव्हाइस निकालासाठीही हेच प्रमाणपत्र बघतात. ते फसवायची मॉड्यूल, म्हणजे मॅजिस्कला जोडायचे छोटे तुकडे, मिळतात. ती दुसऱ्या कुठल्या तरी फोनच्या फुटलेल्या किल्ल्यांवर चालतात, गुगल त्या किल्ल्या रद्द करतं, मग लोक नव्या शोधतात. आपला पगार ज्या ॲपमध्ये जमा होतो ते अशा उधारीच्या किल्लीवर चालवणं मला पटत नाही.

यातला अन्यायही सांगतो. पाच वर्षांत एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला जुना फोन, बूटलोडर लॉक आहे म्हणून, बहुतेक ॲपना चालतो. त्याच मॉडेलवर या महिन्याच्या अपडेटसह लिनिएजओएस घातलं, रूट केलंच नाही, तरी तो नापास. बँकेच्या दृष्टीने सोपं, पण सुरक्षित नेमका कोणता फोन हे विचारलं तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन.

याच कारणाने काही फोनवर अनलॉकनंतर ओटीटी ॲपमध्ये एचडी जातं आणि चित्र जुन्या डीव्हीडीसारखं दिसतं. वाइडवाइनची (व्हिडिओची नक्कल रोखणारी यंत्रणा) पातळी एल१ वरून एल३ वर आलेली असते.

वॉरंटी जाते का?

कंपनीवर आणि मॉडेलवर अवलंबून आहे, अटी वाचा. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की तो जळतो आणि पुन्हा कधीच जुळत नाही. मूळ सॉफ्टवेअर टाकून फोन लॉक केला तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट त्या फोनवर परत येत नाही.

फोन ब्रिक झाला, म्हणजे विटेसारखा बंद पडला. गेला का कायमचा?

"डेड" हा शब्द आपण फार लवकर वापरतो. लोगो येतोय? मग जिवंत आहे. फास्टबूटमध्ये जाऊन मूळ बूट इमेज फ्लॅश करा, सहसा उठतो. नवं मॉड्यूल टाकल्यावर अडकला असेल तर सेफ मोडमध्ये चालू करून बघा, मॅजिस्क त्या वेळी मॉड्यूल बंद करतं.

खरा धोका मागे जाण्यात आहे. नव्या सॉफ्टवेअरवर कंपनी एक चढता आकडा ठेवते आणि फोन तो लक्षात ठेवतो. त्याहून कमी आकड्याचं टाकलं तर तो सुरूच होत नाही. रेडमी नोट ५ प्रो हा फोन आपल्याकडे घरोघरी होता. २०१८ मध्ये त्याच्या अपडेटने हा आकडा ४ वर नेला. जुनं एमआययूआय (शाओमीची आधीची सिस्टिम) बरं होतं म्हणून मागे गेलेल्या कितीतरी जणांच्या हातात काळी स्क्रीन उरली. शाओमीत फ्लॅश करायच्या आधी "फास्टबूट गेटव्हार अँटी" देऊन आकडा बघायचा.

काळी स्क्रीन, आणि कॉम्प्युटरला लावल्यावर ९००८ हा आकडा दिसतोय, असं झालं तर क्वालकॉमचा आणीबाणीचा मोड आलाय. त्यासाठी बहुतेकदा कंपनीची परवानगी असलेलं खातं लागतं. त्याला दुकानदार "ऑथ" म्हणतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारा, "ऑथ आहे का तुमच्याकडे?" चेहऱ्यावरून कळतं.

रूट करणं बेकायदा आहे का? आणि आयएमईआय गेला तर?

भारतात स्वतःचा फोन रूट करण्याला मनाई करणारा कायदा नाही. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलणं मात्र गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आयएमईआय आणि नेटवर्कच्या जुळणीची माहिती ईएफएस किंवा तत्सम छोट्या पार्टिशनमध्ये असते, ती प्रत्येक फोनची वेगळी. दुसऱ्याच्या फोनची घालायची नसते. रूट मिळाल्यावर पहिलं काम त्यांची प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवणं.

पुन्हा लॉक करता येतं का?

येतं, पण मूळ सॉफ्टवेअर शंभर टक्के परत टाकल्यावरच. रूट ठेवून लॉक केलं की पुढच्या वेळी लाल पाटी. चीनच्या बाजारातल्या फोनवर ग्लोबल रॉम घालून लॉक केला तर तोही अडकतो. पिक्सेलवर ग्राफीनओएस हा कस्टम रॉम घालून लॉक करता येतं, कारण तिथे आपली किल्ली बसवायची सोय आहे. वर सांगितलेला पिवळा रंग तो हाच.

सेकंडहँड फोन घेताना काय बघू?

तो तुमच्यासमोर बंद करून चालू करायला लावा. इशाऱ्याची पाटी आली तर बूटलोडर उघडा आहे. मग आत दिसणारं अँड्रॉइड, अगदी नवंकोरं दिसत असलं तरी, कोणी काय घातलंय त्याचा भरवसा नाही. मूळ सॉफ्टवेअर टाकून लॉक करून द्या म्हणा, नाहीतर सोडून द्या.

घरात पडलेल्या जुन्या फोनवर शिकू का?

त्याच्यावरच शिका. आधी मागची बाजू सपाट टेबलावर ठेवून बघा. फोन डुलत असेल तर बॅटरी फुगलीये, चार्जिंगला लावू नका. सिम काढा, बँकेची ॲप काढा, गुगल खातं काढा. मॉडेल नंबर आणि बिल्ड नंबर पूर्ण, शेवटच्या टिंबासकट, वहीत लिहून घ्या. फोनच्या नोट्समध्ये लिहू नका. तो पुसला जाणार आहे.